शेवटच्या बाकावरचा मोबाईल

गुरुवार, संध्याकाळ. चऱ्होली.

आमच्या शाळेतल्या सिनियर शिंदे मॅडमनी असं करावं? दर आठवड्याला शेवटच्या बाकावर मोबाईल टेकवून माझा इंग्रजीचा तास शूट करायच्या. "तुझ्या चुका तुलाच दिसतील गं, बाकी कुणाला नाही." आज त्यातलाच एक तास त्यांच्या चॅनलवर, आणि खाली कमेंटमध्ये लोक खिदळतायत. शाळेच्या गेटवर माझ्या वर्गातल्या सारिकाच्या आईनेच दाखवला.

"मला न विचारता टाकलाय हो!" मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "मॅडम, सारिकाचा निबंधबी तुमी स्टेटसला लावला व्हता. तिच्या पप्पांची चाकणची नोकरी गेली, हे त्यात व्हतं; आमी कुणालाच सांगितलं नव्हतं."

छान लिहिला होता, म्हणून लावला. तिला विचारलं होतं? नाही.

उद्या शिंदे मॅडमना जाब विचारणार आहे. पण त्याआधी वर्गात जायचंय, आणि त्या शेवटच्या बाकावर सारिका बसते.