उडवलेला प्रश्न

अ‍ॅडमिनबाई, म्हणजे आमची धाकटी बहीण,

त्या मुलाखतीवरून भांडले म्हणून तू मला बसप्रवाशांच्या ग्रुपमधून काढलंस, तेव्हा आता कागदावरच भांडते.

बससेवेचे मोठे साहेब ग्रुपवर लाइव्ह मुलाखतीला आले आणि तू त्यांना विचारलंस काय, तर एवढा उत्साह कुठून आणता? साहेब खुलले. रोज चालतो म्हणाले, सगळ्यांनीच चालावं.

दवाखान्यासमोरचा थांबा का बंद केला, हा प्रश्न मी आधीच टाकला होता. 'वैयक्तिक तक्रारी नकोत' म्हणून तू तो उडवलास. माझं नाव दिसलं की ताईची नेहमीची किरकिर, असंच वाटतं तुला.

या वेळची किरकिर आईची होती. तिने सांगितलं, मी टाइप केलं. थांबा गेल्यापासून पुलापलीकडे उतरून गुडघे धरत दवाखान्यात तीच जाते ना. "माझं नाव नको घालूस, धाकटीला अवघडल्यासारखं होईल," म्हणाली. मग चष्मा पुसून, मोबाइल उशीला टेकवून शेवटपर्यंत प्रश्नाची वाट बघत बसली. साहेबांचं चालणं ऐकून हसली. "मग येऊ दे की माझ्याबरोबर."

मुलाखत संपल्यावर मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "किती छान बोलते गं आपली. वेळच पुरला नसेल तिला."

हे वाचलंस तर तू रडत तिच्याकडे धावशील, आणि मग प्रश्न तूच उडवलास हे तिला कळेल. म्हणून पत्र माझ्याकडेच राहील. तुला वेळ पुरला नाही, असंच मीही तिला म्हटलंय.

तुझी,
ग्रुपबाहेरची ताई