मचाणावरच्या खुर्च्यांबद्दल भाऊजींना प्रामाणिक सल्ला

आदरणीय भाऊजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते हे कळावं म्हणून 'वाकून' मुद्दाम लिहिलं.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात 'गुडघा उत्तम' असं वाक्य होतं, पण ते अक्षर ताईचं होतं, त्यामुळे मी ते धरलेलं नाही. आणि 'ताईचा खोकला गेला' हे वाक्य तुमच्या अक्षरात होतं. तुम्ही दोघं एकमेकांच्या तब्येतीबद्दल परस्पर लिहून टाकता, असा माझा जुना संशय आहे. पुढच्या पत्रात ज्याचं दुखणं त्याने स्वतः लिहावं, ही विनंती. आम्ही दोघं बरे आहोत. माझ्या उजव्या खांद्याला थोडा मार आहे, पण त्याचा खुलासा खाली येईलच.

तुम्ही विचारलंत की नदीवरची अस्वलं बघायला मचाणावरची दोन 'विशेष दर्शन' तिकिटं काढून ठेवली आहेत, पण किंमत साध्या तिकिटाच्या सहापट, तेव्हा ठेवावीत की परत करावीत? आम्ही दोन आठवड्यांपूर्वीच जाऊन आलो हे ताईकडून कळलं म्हणून विचारलंत, आणि अगदी योग्य माणसाला विचारलंत. एकतीस वर्षं मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले. आग लागायच्या आदल्या दिवशीच रिकामी झालेली गोदामं पाहिली. पाय मोडल्याचा दावा करणारा इसम स्वतःच्या मुलीच्या लग्नात नाचताना पाहिला (चांगला नाचत होता, दावा मात्र नामंजूर झाला). तेव्हा जो कागद 'अविस्मरणीय अनुभव' असं मोठ्या अक्षरात म्हणतो, त्याचा तळ मी आधी वाचतो. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात होतं, 'प्राणी दिसण्याची हमी नाही.' भाऊजी, असली वाक्यं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दुसऱ्याचं लिखाण मी लांबून ओळखतो.

आता आम्ही गेलोच का, ते सांगतो. ही तुम्हाला माहीतच आहे, तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढायची. बिनखिडकीची खोली, वर लाल दिवा, आणि दिवसभर लोकांच्या बरगड्या. मार्चमध्ये निवृत्त झाली तेव्हा तिला घड्याळ दिलं, फुलं दिली, आणि काय करायचं ठरवलंय असं विचारलं. मला वाटलं, आता झोप काढीन असं म्हणेल. ती म्हणाली, मला एखादं मोठं जनावर अख्खं बघायचंय, कातडीसकट, मोकळं फिरताना. सगळे हसले. ही हसली नाही. मी तेव्हाच समजलो की हे प्रकरण मिटणार नाही.

तिकिटाच्या खिडकीत एक चष्म्याची बाई होती. मी तिला विचारलं, सहापट पैशात नेमकं काय जास्त मिळतं? ती म्हणाली, खुर्चीला पाठ आहे, गरम कॉफी आहे, दुर्बीण आहे, माहिती सांगायला माणूस आहे, आणि गर्दी नाही. मी म्हटलं, आणि अस्वल? ती म्हणाली, "अस्वल तेच." आणि शांतपणे पुढच्या माणसाकडे बघितलं. एवढा खरेपणा खिडकीत बसणाऱ्या माणसाकडे सहसा नसतो, म्हणून माझा संशय उलट वाढलाच. शेवटी मी तोडगा काढला. हिला विशेष तिकीट, मला साधं. दोघांनी वेगवेगळ्या जागेवरून एकच नदी बघायची आणि संध्याकाळी निरीक्षणं ताडून पाहायची. दोन स्वतंत्र साक्षीदार, यासारखी तपासणी नाही. हिने तिकीट पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन जरा जोरात ओढली. (ते जोरात ओढणं मी तेव्हा टिपलं नाही. तपासनीस म्हणून ही माझी चूक.)

सकाळी सातला पोचलो. मचाण पलीकडच्या तीरावर, त्याला पूल वेगळा, फाटक वेगळं. ही पुलावरून गेली, मागे न बघता. मी अलीकडे लाकडी बाकांवर, चाळीसेक माणसांत. पुढे कुंपण, पुढे उतार, पुढे नदी. पहिला तास नदीत नुसतं पाणी होतं. दुसऱ्या तासातही पाणीच होतं. माझ्या शेजारी एक बाई लोकर विणत बसल्या होत्या. त्या दर थोड्या वेळाने "आलं का?" असं विचारायच्या आणि मी नाही म्हटलं की समाधानाने टाके मोजायच्या. पलीकडे मचाणावर लोक कॉफी पीत होते. आमच्या बाजूला एक नळ होता.

एवढ्यात मला तिथला रखवालदार दिसला. भरघोस मिशा, हिरवा गणवेश, हातात बादली, आणि बादलीवर फडकं. आता तुम्हीच सांगा, उघड्यावरच्या जंगलात बादलीवर फडकं कशाला? मी मनाशी म्हटलं, यात मासे आहेत. अस्वल स्वतःहून येत नाही, त्याला मचाणाखाली खाऊ घालून बोलावतात आणि पैसे मचाणवाल्यांकडून घेतात. प्रकरण माझ्यापुरतं तिथेच उलगडलं होतं, फक्त पुरावा हवा होता. मी विणणाऱ्या बाईंना माझी पिशवी सांभाळायला सांगितलं आणि मिशीवाल्याच्या मागे निघालो. बाकांच्या मागे चढावर पन्नास पावलांवर एक लाकडी संडास आहे. तो त्याच्याशी थांबला, फडकं काढलं, आणि बादलीत निघाला हिरवा रंग नि ब्रश.

संडासाच्या दाराला आडवे लांब ओरखडे होते, तो ते रंगवणार होता. मी विचारलं, हे कशाचे? तो म्हणाला, अस्वलाचे, येतं कधीकधी पाठ घासायला, नखं ओढायला. हे त्याने असं सांगितलं, जसं आपण सांगतो की मांजर येतं. भाऊजी, हसू आवरून मी खिशातली मोजपट्टी काढली. (ती अजून खिशात असते. निवृत्तीचा कागद मला मिळालाय, पट्टीला नाही.) चार ओरखडे, प्रत्येकात सारखं अंतर. बागेतल्या दाताळ्याचं अंतर नेमकं तेवढंच असतं. म्हणजे पाहुण्यांना भेदरवायला यांनीच दाताळं ओढलेलं! मी त्याला तसं थेट म्हटलं नाही, फक्त "अस्सं" म्हटलं. तो काचकागद विसरला होता की रंग पातळ करायचं तेल, ते नक्की आठवत नाही, पण काहीतरी आणायला खाली गेला. ओरखडे आतल्या बाजूने उमटलेत का ते बघावं म्हणून मी आत शिरलो आणि दार ओढून कडी लावली.

दोन मिनिटांत दार हललं. हळू नाही, चौकटीसकट. मी ताबडतोब ओळखलं की मिशीवाला परत आलाय आणि आता नाटक करतोय. मी आतून मोठ्याने म्हटलं, "पुरे झालं हो! मी सगळं ओळखलंय." दार पुन्हा हललं, आणि लाकडावरून काहीतरी करकरत गेलं. मी म्हटलं, "तुमच्या साहेबांना पत्र लिहीन!" त्यावर बाहेरून असा एक सुस्कारा आला, की जो कुठल्याही सरकारी नोकराला जमणार नाही. शिवाय वास. ओल्या सतरंजीत कोणी मासे गुंडाळून आठवडाभर ठेवले तर येईल तसा. तरी मी खात्री केल्याशिवाय मानणारा माणूस नाही. भिंतीत डोक्याच्याही वर हातभर झरोका होता. भांड्यावर चढून मी चष्मा सावरत बाहेर डोकावलो, आणि माझ्या नाकापासून चार फुटांवर एक पाठ होती. तपकिरी, कपाटाएवढी, वरखाली होणारी. खाली गवतात दोन पिल्लं मिशीवाल्याची बादली लोळवत होती, आणि त्यांतलं एक हिरवं झालं होतं.

मग मला भीती वाटली, हे कबूल करतो. भांड्यावरून घसरलो, खांदा भिंतीवर आपटला (वर खुलासा येईल म्हटलं होतं, तो हा). पस्तीस मिनिटं ती आई पाठ घासत होती. खालून शिट्ट्या वाजल्या, भोंगा वाजला, बाकांवरची माणसं हलवली, सगळं ऐकू येत होतं. मी मात्र पुन्हा वर चढलो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिच्या कानाला जुनी फाट होती. पिल्लू फार जवळ आलं की ती न बघताच पंजाच्या मागच्या बाजूने त्याला दूर सारायची, आणि ते पुन्हा यायचं. भाऊजी, मी हिशेबाने सांगतो, इतक्या जवळून मी आयुष्यात कोणाला इतका वेळ शांतपणे बघितलेलं नाही. शेवटी ती उठली, पिल्लांना घेऊन चढ उतरली, पाण्यात शिरली आणि निघून गेली. मिशीवाल्याने दार ठोठावलं आणि मी कडी काढली, तेव्हा त्याने आधी आपली रिकामी बादली उचलली. दारावर चार नवे ओरखडे होते. अंतर दाताळ्याएवढंच.

मचाणावर काय झालं ते हिच्याकडून कळलं. माहिती सांगणारा माणूस म्हणाला, समोरच्या चढावर बघा, पिल्लांसह मादी, हे फार क्वचित दिसतं. हिने दुर्बीण लावली. अस्वल दिसलं, पिल्लं दिसली, आणि मग अस्वलाच्या डोक्यावर, भिंतीच्या भोकात, एक चष्मा दिसला. कोणीतरी खुळा आत अडकलाय असं वाटून हिने सवयीने शेजाऱ्याला कोपर मारलं आणि म्हणाली, "अहो, बघा ना, तो कोण वेडा!" शेजारी एक दातांचे डॉक्टर बसले होते. त्यांची कॉफी त्यांच्याच बुटांवर गेली. तेव्हा हिला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे शेजारी मी नाही, आणि दुसरी म्हणजे मी कुठे आहे.

फाटकाशी भेटलो तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. हसून की रडून, ते मी विचारलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसली. मग म्हणाली, "सगळं दिसलं हो. अगदी हवं होतं तसं, कातडीसकट. पण सांगायला शेजारी कोणी नव्हतं. आणि नंतर पस्तीस मिनिटं मी अस्वलाकडे बघितलंच नाही." मी म्हटलं, दुर्बीण चांगली होती का? ती म्हणाली, नको इतकी चांगली होती. (मग माझ्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी तो हलवला नाही.)

तेव्हा आता माझा सल्ला. विशेष तिकीट घेण्यात काहीही अर्थ नाही. साध्या तिकिटावर मी चार फुटांवरून अस्वल पाहिलं, मचाणवाल्यांनी अर्ध्या मैलावरून. खुर्चीची पाठ वेताची आहे आणि टोचते. कॉफी कोमट. दातांचे डॉक्टर अधूनमधून लोकांच्या जबड्याकडे बघतात. माहिती सांगणारा माणूस 'क्वचित' हा शब्द तासाला चारदा वापरतो, म्हणजे तो त्याला शिकवलेला असणार. सहापट पैसे हे केवळ नदीच्या त्या बाजूला बसण्याचे आहेत. तिकिटं परत करा आणि त्या पैशात ताईला एक चांगली उबदार शाल घ्या.

ताईला सांगा, मी सुखरूप आहे. तुम्हा दोघांच्या तब्येतीची खरी बातमी कळवा.

तुमचा,
सगळ्यांना खोटारडे म्हणून बसलेला मेहुणा

ता. क. मचाणाला बावन्न पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना कठडा नाही. तुमच्या गुडघ्याचा विचार करा.

ता. क. २. पत्र हिने वाचलं. ती म्हणते, पायऱ्या नाहीतच, साधा उतार आहे, कठड्यासकट. खुर्चीला गादी आहे. कॉफी कढत होती, दातांच्या डॉक्टरांचा पाय भाजला. असेल.

ता. क. ३. हे हिच्या नकळत लिहितो आहे. मी खिडकीवर तीनदा जाऊन आलो. हंगाम संपेपर्यंत मचाणावर एकही खुर्ची शिल्लक नाही. चष्म्याच्या बाईंनी सांगितलं की ज्यांची तिकिटं आहेत त्यांनी लिहून दिलं तर नाव बदलता येतं. सोबत अर्ज तयार करून पाठवला आहे, तुम्ही फक्त पेन्सिलीची फुली आहे तिथे सही करायची आहे. पैसे मनिऑर्डरने पाठवले आहेत. तुम्हाला आणि ताईला खरोखर जायचं असेल तर अर्ज फाडून टाका, मी वाईट वाटून घेणार नाही. (घेईन, पण कळवणार नाही.) आणि हिला एवढ्यात काही बोलू नका. खुर्च्या दोन आहेत, हे तिला तिथे बसल्यावर कळू दे.