शिल्लक : १

४ मार्च

'दारवाजा.' आज कामावर हा शब्द वाचला आणि हात थांबला.

आमच्या कन्सोलवरच्या खेळात लोक स्वतःच गोळीबाराच्या लेव्हली रचतात — इमारत, शत्रू, पाट्या, सगळं. मी त्या शेवटपर्यंत खेळून बघते, मगच त्या इतरांना मिळतात. आजच्या एका लेव्हलमध्ये पाटी होती — 'दारवाजा उघडा आहे.'

असं लिहिणारा जगात एकच माणूस! आईने आम्हा भावंडांना आधी घरीच शिकवलं. 'दार' लिहायचं, पुढे 'वाजा' जोडायचं, हे तिचं व्याकरण. शाळेत गेलो तेव्हा सगळा वर्ग हसला. मी सुधारलं. दादाने हट्टाने नाही.

बाबांशी भांडून तो गेला, त्याला दोन वर्षं झाली. फोन नाही, पत्ता नाही. जिवंत आहे!

५ मार्च

आत गेले. आमचंच घर. ओट्यावरची कलती फळीसुद्धा! आई ओट्याशी, बाबा खुर्चीत, मी टेबलाशी — तिघंही पाठमोरे. कुणी गोळी झाडत नाही. हलतसुद्धा नाही. कोपऱ्यात आकडा — शिल्लक : ४.

चौथा कुठेच नाही.

साहेब मागे येऊन उभे राहिले. (आम्ही त्यांना 'चला-चला' म्हणतो.) "अगं, बाहुल्या आहेत त्या. उडव आणि पुढे चल! विचारपूस कसली करत बसलीस त्यांची?"

आईच्या पाठीवर नेम धरला. बटण दाबवेना.

६ मार्च

नियम स्पष्ट आहे — कुणाचं खरं घर दिसलं की कळवायचं, त्या खेळाडूचं खातं बंद. कळवलं तर दादाचा हा एवढा धागाही तुटणार. न कळवणं म्हणजे लबाडी. शेऱ्यात 'तपासणी चालू' लिहिलं. तेही खोटंच.

आईला आडून विचारलं, दादाची आठवण येते का. "हळू बोल गं. बाबा आहेत पलीकडे."

९ मार्च

लेव्हल बदलून आली आहे. टेबलाशी बसलेल्या 'माझे' केस आखूड आहेत. मी ते परवाच कापले!

म्हणजे तो इथेच कुठेतरी आहे. बघतोय. घरी येताना समोरच्या प्रत्येक खिडकीकडे पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र आल्या आल्या पडदे ओढून घेतले.

आमच्या पाठीमागे बंदूक घेऊन फिरायला लावतो — हा कुठला दादा?

१० मार्च

तिघांना मारलं. आधी मला.

शिल्लक : १. घरभर हिंडले. दादाची खोली आहे, पण रिकामी. लेव्हल संपतच नाही.

११ मार्च

डोकं उठलं म्हणून दुपारीच घरी आले. दादाच्या खोलीला बाबांनी कुलूप घातलेलं असतं. आज दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बटणांचा आवाज.

दादाच्या जुन्या कन्सोलसमोर बाबा बसले होते. पडद्यावर हीच खोली, तिच्यात एक नवी बाहुली. तोंडाच्या जागी नुसती त्वचा.

आईच्या त्या घरच्या वर्गात मागे बसून बाबाही लिहायला शिकले होते — मी विसरलेच होते!

वळून न पाहताच म्हणाले, "ये. एवढंच जमत नाही बघ. त्याचं तोंड कसं होतं गं?"