दोघींची एकच तारीख

२७ सप्टेंबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू फोनवर काय काय बोललीस ते तुझ्या भावोजींनी मला सांगितलं, पण गाळून गाळून सांगितलं असणार. माझ्या कानांनी कधीच राजीनामा दिलाय. सूतगिरणीत सूत काढायच्या साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलं, त्याचं हे बक्षीस. तेव्हा माझ्याशी भांडायचं असेल तर कागदावर भांड. लहानपणापासून भांडणात तुझाच आवाज मोठा, आता निदान अक्षर तरी मोठं काढ.

एकोणीस ऑक्टोबर जवळ आला. आम्ही ठरवलंय, यंदा काही करायचं नाही. बाबांनी आपल्या दोघींची लग्नं एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये उरकली. त्या दिवशी आपल्या दोघींपेक्षा आपल्या नवऱ्यांचंच एकमेकांशी जास्त जमलं, हे तुला आठवत असेलच. तेव्हापासून हा दिवस चौघांनी कधी वेगळा काढला नाही. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. आता तुझे हे गेले. तिघांनी जेवायला बसायचं आणि चौथ्या खुर्चीकडे बघायचं, हे मला झेपणार नाही. तुझ्या भावोजींना तर नाहीच नाही. थंडीत तुझे हे गेले त्या दिवशी हॉस्पिटलातून परत आले तेव्हापासून त्यांनी पत्त्यांच्या जोडाला हात लावलेला नाही. डाव मांडायला तेवढा एकच माणूस होता, म्हणतात.

तू तब्येत सांभाळ. दुकान एकटीने किती ओढणार आहेस? लेकीकडे चार दिवस जाऊन ये. माया आहेच तुझ्यावर, ती लिहून दाखवायची गरज नाही.

तुझी,
ताई

४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

घे, मोठं अक्षर काढलंय. आता नीट वाच.

माझा नवरा गेला. तुझा आहे. तुमच्या लग्नाला काय धाड भरलीय म्हणून तुम्ही तो दिवस गिळून टाकणार? मला बरं वाटावं म्हणून? मला त्याने काडीचंही बरं वाटणार नाही. उलट रात्रंदिवस एकच डोक्यात राहील, की यांच्या जाण्याने माझा दिवस गेला तो गेलाच, तुमचाही बुडाला.

आणखी एक गोष्ट, जी मी कोणाला बोलले नाही. हॉस्पिटलात, बोलताना धाप लागायची तेव्हासुद्धा, यांनी मला विचारलं होतं की यंदा पाळी कोणाची. मी म्हटलं, आपली. तर म्हणाले, मग भिंतींना रंग काढून घे, ड्रायव्हरसाहेब मागच्या वेळी पोपडे बघून हसत होते. मी रंग काढून घेतलाय, ताई. पुढच्या खोलीला आणि दुकानालाही. रंगाऱ्याने जरा गडदच दिलाय, पण पोपडे नाहीत. तेव्हा भावोजींना यावंच लागेल, आणि हसायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

दुकानाचं म्हणशील तर लॉन्ड्री चालू आहे. स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या चादरी अजून आपल्याकडेच येतात. मोठ्या इस्त्रीवर मी उभी राहते, पण यांच्यासारखी घडी येत नाही. ते पँटची धार अशी काढायचे की बोट कापेल. माझी धार दुसऱ्या दिवशी बसते. गिऱ्हाईक काही बोलत नाही, हेच जास्त लागतं.

सकाळच्या गाडीने या. राहायच्या बेताने या. आणि सुतकी चेहरे घरी ठेवून या. एवढं ऐकलंस तर लोभ आहे असं समजेन.

तुझी,
ठकी

२४ ऑक्टोबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. पण ‘सुखरूप’ नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं. ठके, झालं तरी काय?

दिवस चांगला गेला असं मी धरून चालले होते. तू किती बोललीस, किती हसलीस! तुझ्या भावोजींनी बसचे ब्रेक निकामी झाल्याची ती जुनीच गोष्ट पुन्हा सांगितली, तरी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसलीस. मला एवढा धीर आला, की निघताना तुला म्हणणार होते, पुढच्या वर्षी आमच्याकडे ये. तर तू जेवणाची भांडी तशीच टाकून दुकानात गेलीस आणि इस्त्री सुरू केलीस. आम्ही बॅगा घेऊन दारात उभे. तुझ्या भावोजींनी दोनदा हाक मारली म्हणे. तू मान वर केली नाहीस. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, तुला ऐकू येत नाही, तिला येतं.

गाडीत ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना वाटतंय, ते चुकून त्या खुर्चीवर बसले म्हणून तू दुखावलीस. त्यांनी मुद्दाम नाही केलं गं. दाराजवळची खुर्ची, गुडघा दुखत होता, बसले. मला सांगत होते की बसल्यावर लक्षात आलं, पण मग उठलो असतो तर आणखी वाईट दिसलं असतं.

चुकलं असेल तर सांग. मनात ठेवू नकोस. पत्राची वाट बघते.

तुझी,
ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं फाडणार नाही.

भावोजींना आधी सांग की खुर्चीचं काही नाही. त्या खुर्चीवर मी रोज धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे टाकते. खुर्ची ती खुर्ची.

दुसरंच झालं. तुला काही सांगायचं असलं की भावोजी आधी तुझ्या खांद्याला बोट लावतात. तू मान वळवतेस, मग ते बोलतात. तुला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून ते असं करतात, मी शंभर वेळा पाहिलंय, कधी लक्षसुद्धा गेलं नाही. त्या दिवशी जेवताना ते बोट लावून म्हणाले की मीठ इकडे दे. तू दिलंस. एवढंच. पण तेवढ्यात माझ्या आत काहीतरी असं पेटलं की मी घाबरले. मनात आलं, हिलाच का? हिचाच का राहिला? ताई, मला तुझा द्वेष वाटला. माझ्या सख्ख्या बहिणीचा, जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं. मग मी मोजत बसले, तुम्ही एकमेकांकडे किती वेळा बघता. आणि जितकं मोजलं तितकी मोठ्याने हसले.

म्हणून दुकानात पळाले. तुमच्यासमोर तोंडातून काही निघालं असतं तर ते परत घेता आलं नसतं.

आता मी मागते ते दे. यापुढे एकोणीस तारखेला मला बोलावू नका, येऊ नका, त्या दिवसाचं पत्रात एक अक्षर लिहू नकोस. बाकी सगळं लिही. गुडघा, घराच्या पगडीचा वाद, शेजारीण, सगळं. तो एक दिवस मला दाखवू नकोस. तो आला काय, गेला काय, मला कळू नये असं काहीतरी कर.

लोभ असू दे असं लिहायला आज हात धजत नाही.

ठकी

१९ नोव्हेंबर

चि. ठकीस,

आशीर्वाद.

तू म्हणशील तसं.

तुझ्या भावोजींनी विचारलं, काय लिहिलंय. मी अर्धंच सांगितलं, की खुर्चीचं काही नाही. त्यांना बरं वाटलं. उरलेलं अर्धं माझ्यापाशी आहे. आता त्यांचं बोट खांद्याला लागलं की मी दचकते. ते विचारतात, एवढं दचकायला काय झालं. मी म्हणते, वय झालं.

तुझ्यावर राग नाही. असता तर सोपं गेलं असतं.

ताई

२३ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

वर्षभर तू शब्द पाळलास. एवढी पत्रं आली-गेली, भावोजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, लेकीला मुलगी झाली, पण त्या दिवसाचा उच्चार तू केला नाहीस. आज मीच तो करते आहे.

ताई, मी विसरले.

त्या आठवड्यात हॉटेलात मोठा मुक्काम पडला होता. गाडीभर चादरी, टॉवेल, पडदे. त्यातच धुण्याचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला आला, पट्टा बदलावा लागेल म्हणाला, तोवर मी ओल्या चादरी हाताने पिळून गच्चीवर टाकत होते. मॅनेजरचे फोनवर फोन. खाली-वर करून पायांचे तुकडे पडले. संध्याकाळी मशीन सुरू झालं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. जेवले, झोपले. छान झोप लागली. यांच्यामागे इतकी छान झोप मला कधी लागली नव्हती.

परवा हॉटेलच्या बिलावर तारीख टाकताना हात थांबला. एकोणीस कधीच मागे गेली होती.

कळू नये असंच मी मागितलं होतं ना? मिळालं. दोन दिवस दुकान उघडलेलं नाही. ज्या माणसाबरोबर मी सगळं वय घालवलं, त्याला मी मशीनच्या पट्ट्यापायी विसरले, आणि टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षी तुझा द्वेष केला तेव्हा निदान ते माझ्या जवळ होते. दुखत होतं म्हणजे होते. आता दुखायचंही थांबायला लागलंय. मग राहिलं काय माझ्याकडे? मी त्यांचा आवाज आठवायला बसते, तर भावोजींचा आवाज येतो.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, हे चांगलं लक्षण आहे. मी फोन ठेवून दिला.

माया पातळ होऊ देऊ नकोस. माझी तर होतच चालली आहे.

तुझी,
ठकी

१ नोव्हेंबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मी पोचले असते, पण तुझ्या भावोजींना एकटं सोडता येत नाही. ऑपरेशन झालं खरं, पण त्या डोळ्याला फरक नाही, आणि दुसऱ्यानेही आता फारसं दिसत नाही. ज्याने डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवली, तो माणूस मोरीपर्यंत भिंत धरून जातो. मला ऐकू येत नाही, त्यांना दिसत नाही. दोघं मिळून एक माणूस कसाबसा होतो.

तुझं समाधान मी कसं करू? लेक म्हणते तसं मी म्हणणार नाही. विसरणं चांगलं असतं असं मला वाटत नाही. पण लक्षात ठेवून आम्ही तरी काय मिळवलं? एकोणीसला आम्ही दोघं सकाळपासून गप्प. मी तुझा शब्द इतका पाळला, की घरातसुद्धा त्या दिवसाचं नाव काढलं नाही. ते भिंत धरून दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. परत आले तेव्हा मी विचारलं, एवढा वेळ काय करत होता. ते म्हणाले, मी साडूशी बोलत होतो, त्याला सांगत होतो की यंदाही जमलं नाही. मग जेवलो. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आम्ही एकमेकांना तसं म्हटलंसुद्धा नाही. तुझा दिवस तुझ्या नवऱ्याबरोबर गेला, आमचा दोघं असून गेला.

आता तू सांग, पुढच्या वर्षी लिहू की नको? तू नाही म्हणालीस तर नाही. तू काहीच म्हणाली नाहीस तर मात्र लिहीन. मी थोरली आहे, एवढी अरेरावी मला चालते.

तुझी,
ताई

१४ ऑक्टोबर

चि. ठकीस,

आशीर्वाद. येत्या रविवारी एकोणीस तारीख. आपला चौघांचा दिवस.

बाकी काही लिहीत नाही.

ताई

२५ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं कार्ड वेळेत आलं. उलटून पाहिलं, मागे आणखी काही लिहिलंय का. नव्हतं. बरं केलंस.

रविवारी दुकान बंद ठेवलं. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच सांगितलं की उद्या काहीही झालं तरी मी दार उघडणार नाही. तो म्हणाला, रविवारीच तर गिऱ्हाईक असतं. मी म्हटलं, माझं नाही.

तुला एक सांगते, जे तुलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. लाजच वाटायची. लग्नाच्या वाढदिवसाला हे माझ्याआधी उठायचे. दुकानात जाऊन मोठी इस्त्री तापवायचे आणि गावाच्या कपड्यांना हात लावायच्या आधी माझे त्या दिवशीचे कपडे इस्त्री करायचे. खुर्चीवर ठेवून मला उठवायचे, की घाल लवकर, गार होतील. मी ते गरम गरम अंगात घालायची. तोंडाने ते कधी काही बोलले नाहीत, ना शुभेच्छा, ना काही. त्यांच्या दृष्टीने ते झालं. तुम्ही तासाभराने आमच्याकडे पोचायचात तोवर कपडे इतर दिवसांसारखेच झालेले असायचे. ते कोणाला कळायचं नाही.

रविवारी मी इस्त्री तापवली. माझे कपडे मीच इस्त्री केले. जितकी चांगली धार येते तितकी काढली. मग गरम असतानाच घातले आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. रडू येईल, नाहीतर ते जवळ आहेत असं तरी वाटेल. लोक सांगतात तसं. पण काही झालं नाही. कपडे गरम होते, मग गार झाले. मी बसून राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वाजवलं, बंद आहे बघून गेलं.

भावोजींना डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घाल. त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, ठकीचा तुमच्यावर राग कधीच नव्हता.

तुझ्या कार्डाचा उपयोग काही झाला नाही, ताई. तरी पुढच्या वर्षी पाठव.

तुझी,
ठकी