मुदत वाढलेली काळीपिवळी

आर्णी,
ऑक्टोबर २०२१

आदरणीय धम्मरत्न दादास,
धाकट्या जयाचा सविनय जय भीम.

तुह्या नाकाले वास येऊन राह्यला की नाही, ते पहिले कळव. एप्रिलमध्ये कोरोनात गेलेला वास अजून अर्धाच परत आला, असं वहिनी म्हणत होती. (वणीतली कोळशाची धूळ पाहता पुरा नाही आला तरी काही बिघडत नाही.) वहिनीचा गुडघा कसा आहे? खाणीतून रिटायर झाल्यावर तुहा दिवस जातो की नाही? इकडे मी बरी आहे. तुहे लाडके जवाई, म्हणजे आमचे पंजाबराव, तेही बरे आहेत. ते नेहमीच बरे असतात. यायच्या आजूबाजूचे लोक आणि वस्तू तेवढ्या बिघडतात.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मी बोलायले लागली की माह्या अर्ध्या वाक्यात हे फोन ओढून घेतात आणि तुले इंजिनाचं ज्ञान देत बसतात. म्हणून लिहून राह्यली.

गेल्या साली लॉकडाऊन लागला आणि आपली काळीपिवळी जीप अंगणात उभी राह्यली. यवतमाळच्या सवाऱ्या बंद, तर तिचं दुसरं काय होणार. त्यातच मे महिन्यात तिचं पासिंग होतं. मग सरकारनं पासिंगची मुदत वाढवली. बरोबरच केलं, ऑफिसं बंद, लोकं घरात, गाडी तपासायची कोणी? पण यायनं त्या बातमीचा अर्थ काय घेतला, तर सरकारनं आपली गाडी न पाहता पास केली. एवढा विश्वास माह्या बापानंही यायच्यावर टाकला नव्हता. जूनची मुदत सप्टेंबरवर गेली, सप्टेंबरची डिसेंबरवर, मग पुढच्या सालात मार्च, जून, सप्टेंबर. दरवेळी हे मोबाइलवर आलेला आदेश ओसरीत उभं राहून मोठ्यानं वाचत आणि याही खेपेले गाडी ठणठणीत आहे म्हणत. मी म्हणे, अहो, मुदत कागदाची वाढली, गाडीची नाही. तर म्हणत, "तुले सरकारपेक्षा जास्त समजते काय?"

या काळात यायनं गाडीची निगा कशी राखली तेही ऐक. रोज सकाळी स्टेअरिंगले सॅनिटायझर लावलं. बस, एवढंच. बोनेट उघडलं नाही, इंजिन चालू केलं नाही. गाडी आराम करून राह्यली, म्हणे. टायर जमिनीले टेकले. उंदरांनी वायरी खाल्ल्या. शेजारच्या मानीबाईची कोंबडी मागच्या सीटवर अंडी द्यायले लागली, तर अंडी कोणाची यावर यायचं आणि मानीबाईचं भांडण झालं. हे म्हणत, गाडी माही म्हणून अंडी माही. मानीबाई म्हणे, मग कोंबडी म्हणून तुम्हीच बसा. (मले हसू आलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. संध्याकाळी जेवले.)

यंदा निर्बंध उठले तेव्हा यायनं वायरी जोडून घेतल्या, बॅटरी घेतली, टायरात हवा भरली आणि चार दिवस गावात हॉर्न वाजवत फिरले. ब्रेक पाहून घ्या म्हटलं तर म्हणाले, चालवलीच नाही त्या गाडीचे ब्रेक झिजतील कशानं? लोखंड बसल्या बसल्या गंजते हे अंगणातल्या बादलीलेही माहीत आहे.

तर गेल्या महिन्यात मानीबाईच्या सुरभीले यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. पोरगी हुशार, दोन वर्षं घरी बसून अर्ज भरत होती. दुपारच्या आत हजर झाली नाही तर जागा दुसरीले जाणार, असं दवाखान्यातून बजावून सांगितलं होतं. ती बिचारी सकाळच्या यस्टीनं चालली होती. हे फाटकात आडवे झाले. म्हणे, घरची गाडी असताना यस्टी कायले? अंड्यांचं भांडण मिटवायचं होतं यायले, दुसरं काही नाही. मानीबाई नको म्हणत होती. पण मोठं माणूस एवढं म्हणते तर, म्हणून सुरभी बसली. तिच्या जिवाले धीर म्हणून मीही समोर बसली. यस्टी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

अर्धा रस्ता बरा गेला. म्हणजे हे बोलत होते आणि गाडी खडखडत होती. दोघांपैकी कोणाचा आवाज मोठा ते कळत नव्हतं. मग एक उतार लागला. समोर बैलगाडी होती. यायनं ब्रेक दाबला, तर पाय पार तळाले गेला आणि गाडी आणखी जोरात सुटली. दादा, जन्मात पहिल्यांदा यायचं बोलणं मधेच थांबलं. त्यावरूनच मी समजली की आता काही खरं नाही. मागे सुरभीनं डोळे मिटले. यायनं बैलगाडी चुकवून स्टेअरिंग बाजूच्या वावरात फिरवलं. तिथं कापून रचलेली सोयाबीनची गंजी होती. गाडी थेट त्या गंजीत घुसली आणि थांबली.

कोणाले काही लागलं नाही. सुरभीच्या नव्या पांढऱ्या ड्रेसवर सोयाबीनचा भुसा, माह्या केसांत शेंगा. हे खाली उतरले, गाडीभोवती फिरले आणि काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "थांबली ना? मी म्हटलं होतं."

तेवढ्यात वावराची मालकीण, बसंतीबाई नावाची, हातात विळा घेऊन आली. जवळच्याच तांड्यावरची बाई. आदला दिवसभर खपून रचलेली गंजी अर्ध्या वावरात पसरलेली पाहून ती यायच्यासमोर येऊन उभी राह्यली. यायनं घाईघाईनं मोबाइल काढला आणि तिले तो मुदतवाढीचा आदेश दाखवायले लागले. बाई, गाडीचे कागद एकदम बरोबर आहेत, म्हणे. बसंतीबाई शांतपणे म्हणाली, "मले कायले दाखवता? त्या गंजीले वाचून दाखवा."

मग तिचं लक्ष सुरभीकडे गेलं. पोरगी रडून राह्यली होती. मी सगळं सांगितलं. बसंतीबाईनं नवऱ्याले हाक मारली, पदरानं सुरभीचा ड्रेस झटकला आणि तिले नवऱ्याच्या फटफटीवर बसवून यवतमाळले रवाना केलं. ज्या बाईचं नुकसान केलं तिनंच आमची लाज राखली. आणि यायले तिनं सोडलं नाही. गंजी पुन्हा रचून द्या, मग गाडी काढा, म्हणाली. यायनं ऊन असेपर्यंत सोयाबीन गोळा केलं. दोनदा गंजी एका बाजूले कलली, दोनदा बसंतीबाईनं मोडून परत रचायले लावली. मी वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसून तिनं दिलेला चहा पेली. खोटं कायले बोलू, दीड वर्षात एवढा निवांत दिवस मले मिळाला नव्हता.

दुपारी सुरभीचा फोन आला. वेळेत हजर झाली. मानीबाईनं तेव्हापासून अंड्यांचा विषय काढला नाही, आमच्याकडे पाहणंही सोडलं.

जीप ट्रॅक्टरले बांधून घरी आणली. मिस्त्री म्हणतो, चारही चाकांचे ब्रेक गंजले, सगळं नवं टाकावं लागेल. हे म्हणतात, थांबा, सरकारनं आता ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत दिली आहे, पुढं आणखी वाढवली तर खर्च फुकट जायचा. आता तूच सांग, अशा माणसाले काय समजवावं? मी चावी काढून घेतली आहे. डाळीच्या डब्यात आहे. तिथं हे जन्मात हात घालणार नाहीत.

वहिनीले जय भीम, पोरांले आशीर्वाद.

तुही धाकटी बहीण,
जया

ता. क. : मुख्य काम राह्यलंच. येत्या शनिवारी हे तुह्याकडे येऊन राह्यले, यस्टीनं. तू रिटायरमेंटच्या पैशातून जुनी गाडी घेणार आहेस आणि यायच्या सल्ल्याशिवाय घेणार नाहीस, असं मी यायले सांगितलं आहे. तेव्हापासून छाती काढून फिरून राह्यले. आठेक दिवस तिथंच अडकवून ठेव, रोज एखादी गाडी दाखव. तोवर मी इकडे ब्रेक टाकून घेते आणि मिस्त्रीले घेऊन पासिंग करून आणते. यायले आवडली ती गाडी मात्र चुकूनही घेऊ नको.

ता. क. २ : एक लिहायचं टाळत होती. उतारावर गाडी सुटली तेव्हा यायनं डावा हात माह्यासमोर आडवा धरला होता, मी काचेवर आपटू नये म्हणून. गाडी थांबली तरी काढला नाही. त्याच हातानं हँडब्रेक ओढायचा असतो, हे मले मिस्त्रीनं नंतर सांगितलं. हे वहिनीले सांग, पण यायच्यासमोर काढू नको. हँडब्रेकही गेलेलाच होता म्हणा.