शैलाच्या विरुद्ध बाजूने

३ नोव्हें.
महिला मंडळाच्या वादविवादाचा विषय ठरला: आरटीओचे अधिकारी, गरज की उधळपट्टी? चिठ्ठ्या टाकल्या. मला उधळपट्टी आली, शैलाला गरज. तिचा नवरा त्याच खात्यातून निवृत्त. मनात उकळ्या फुटल्या. भिंगारच्या कॉन्व्हेंटात वक्तृत्वाचं बक्षीस दरवर्षी तिचंच असायचं. एकदा तरी...

६ नोव्हें.
भाषण यांना वाचून दाखवलं. दंड कॅमेरा लावतो, गाडी मशीन तपासतं, मग पगार, जीप, ड्रायव्हर कशाला? वर निवृत्तीनंतर बंगले!
"तू खात्याविरुद्ध बोलतेयस की शैलाच्या बंगल्याविरुद्ध?"
जन्मभर पोस्टात शिक्के मारले, आता माझ्यावर मारतात. बंगल्याचं वाक्य खोडलं. दुपारी परत घातलं.

९ नोव्हें.
सावेडीतला हॉल भरलेला. मी बरी बोलले. टाळ्या पडल्या. मग शैला उठली. हातात कागदसुद्धा नाही. "उसाचा हंगाम आलाय. नेवासा रोडला ट्रॉल्या बघा, मागे दिवा नाही. कॅमेरा फोटो काढेल हो. पण ट्रॉलीला चमकणारी लाल पट्टी चिकटवून घ्यायला रस्त्यावर कोण उभं राहणार? आमची आशा?"
सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही, ओठांनी. पहिली ती, दुसरी मी. येताना हे म्हणाले, "छान बोलली शैला." जेवताना यांना दुसरी पोळी विचारली नाही.

११ नोव्हें.
आम्ही दोघी पुढच्या फेरीत, भिंगारला. तिथे बाजू बदलायच्या, हा मंडळाचा नियम. विसरलेच होते. म्हणजे आता शैलाच्या नवऱ्याची बाजू मी मांडायची!
तिचाच फोन. "घरी ये, यांनाच विचार सगळं. मला तयारी नको बाई, लग्नापासून साठलंय." हसली. मग हळू म्हणाली, "हंगामात हे रात्र रात्र रस्त्यावर. मी त्या एवढ्या घरात एकटी. तुझे कसे, साडेपाचला दारात. फार हेवा वाटायचा गं तुझा."
माझा? आणि इतकी वर्षं बोलली नाही. म्हणजे हेव्यातही हिचाच पहिला नंबर.

१२ नोव्हें.
उद्या चारला बोलावलंय. अजून हो म्हटलेलं नाही. वास्तुशांतीनंतर त्या घराची पायरी चढलेली नाही. गेले तर तिचं ऐकल्यासारखं. नाही गेले तर भिंगारला बोलू काय?
शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगापोळी पळवायची. न्यावी का? तिच्याकडे काय कमी आहे. बेकरीतलं काहीतरी जास्त बरं दिसेल.
दाणे मात्र भाजायला घेतलेत.