दहापैकी आठ

ताई,

तू आत्ता माझ्यासाठी डॉक्टरांशी भांडायला गेली आहेस, म्हणून हे लिहायचा धीर झाला.

शिडीवरून पडून मणका दुखावल्यापासून माझ्या पायांना हात लावलेला कळत नाही, पण आतून निखारे ठेवल्यासारखी आग होते. मेंदूतून ती आग शमावी म्हणून डॉक्टर रोज डोक्यावर चुंबकाचं यंत्र धरायचे. टकटक आवाज व्हायचा, आणि दहाव्या दिवशी आग खरंच कमी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" तीन होतं. मी आठ म्हणालो.

आदल्या संध्याकाळी तू मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस, "त्याला बरं वाटलं की मी परगावची नोकरी घेणार." कितीतरी दिवसांनी तुझा आवाज हसरा होता. तू जाऊ नयेस, एवढंच मला वाटलं.

मग मी रोज आठच सांगत राहिलो. गुण येत नाही म्हणून डॉक्टरांनी उपचार थांबवले. तू नोकरी नाकारलीस आणि वर मलाच म्हणालीस, "वेड्या, तुझ्यापेक्षा नोकरी मोठी आहे का?" मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

महिन्याभरात आग परत आली. आता खरोखर आठ आहे. मघाशी तुझा फोन आला. "ते म्हणतात, फायदाच झाला नाही तर पुन्हा कशाला? पण मी हलणार नाही इथून." मी नुसतं "बरं" म्हटलं.

हे पत्र तुला देणं मला जमणार नाही. तू आलीस की तोंडानेच सांगायचं ठरवतोय. पण तू दारातूनच विचारशील, "फार दुखतंय का रे?" आणि मी "हो" म्हणून गप्प बसेन.

तुझ्याकडे बघायची लाज वाटणारा,
तुझा धाकटा